चिमुकल्या वाफेच्या इंजिनांचे मंडळ शोधताना

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा लेखी मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काही भुवया उंचावल्या असतील. हीरक महोत्सवात शिक्षणावर, भाषेवर, संस्कृतीवर बोलावे अशी रीत आहे. वाफेवर चालणारे चिमुकले रस्त्यावरचे इंजिन घरी बनवणाऱ्या माणसाने आपल्या परिसरातले मंडळ कसे शोधावे, हा विषय त्या रीतीत बसत नाही. परंतु मराठी शाळांत शिकलेली कितीतरी माणसे आज कामधंद्यानिमित्त इंग्लंडात राहतात, त्यांच्यात अभियंते पुष्कळ, आणि हा छंद मूळचा त्याच देशातला. शिवाय शिकणे म्हणजे काय, ते कोणाच्या शेजारी उभे राहून घडते, हा प्रश्न या छंदात जितका उघडा दिसतो तितका क्वचितच कोठे दिसत असेल.

प्रथम यंत्राची ओळख. साठी ओलांडलेल्या मंडळींना सार्वजनिक बांधकाम खात्याचा वाफेचा रोलर आठवत असेल. पुढे भला मोठा लोखंडी रूळ, मागे दोन उंच चाके, मध्ये आडवा बॉयलर, त्यावर धुराडे आणि बाजूला गरगर फिरणारे जड चक्र. रस्त्याचे काम निघाले की मुलांचा घोळका त्याच्यामागे. जमशेदपूरच्या टेल्को कारखान्याने १९४८ साली इंग्लंडच्या मार्शल कंपनीच्या सहकार्याने असे वाफेचे रोलर बनवायला घेतले होते. टाटांच्या मालमोटारी त्यानंतरच्या. या रोलरचा पुढचा रूळ काढून तेथे दोन लहान चाके बसवली आहेत अशी कल्पना करावी, म्हणजे ट्रॅक्शन इंजिन डोळ्यांपुढे उभे राहते. रुळांवरून न धावता मातीच्या रस्त्यावरून, शेताच्या बांधावरून स्वतःच्या ताकदीने जाणारे आणि मागे ओझे ओढणारे वाफेचे इंजिन.

या यंत्राची जन्मकथा एका शेतकऱ्याच्या चिडीतून सुरू होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात मळणीसाठी वाफेची इंजिने होती, पण एका खळ्यावरून दुसऱ्या खळ्यावर ती घोडे जुंपून ओढत न्यावी लागत. ज्याच्या अंगात दहा घोड्यांचे बळ, त्यालाच घोड्यांनी ओढायचे, हा उफराटा प्रकार केंटमधील थॉमस ॲव्हेलिंग या शेतकरी-कारागिराला सहन झाला नाही. १८५९ च्या सुमारास त्याने इंजिनाच्या भुजादंडापासून मागच्या आसापर्यंत एक लांब साखळी टाकली आणि इंजिन स्वतः चालू लागले. पुढे साखळीची जागा दंतचक्रांनी घेतली. लीड्सच्या जॉन फाउलर यांच्या कारखान्याने नांगरटीची जोडी इंजिने बनवली: शेताच्या दोन टोकांना दोन इंजिने उभी, प्रत्येकाच्या पोटाखाली तारेचा दोर गुंडाळलेले पिंप, आणि मध्ये नांगर या टोकाकडून त्या टोकाकडे ओढला जाई. सरकारने मात्र या पाहुण्याचे स्वागत संशयाने केले. १८६५ च्या कायद्याने त्याला गावाबाहेर ताशी ४ आणि वस्तीत ताशी २ मैलांची मर्यादा घातली आणि साठ यार्ड पुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालवला. निशाणवाल्याला धापही लागत नसेल, इतका तो वेग.

हिंदुस्थानाशीही या यंत्राचा एक धागा आहे, आणि तो शाळेच्या अंकात सांगण्यासारखा आहे. रूक्स क्रॉम्प्टन नावाचा एक इंग्रज मुलगा हॅरो येथे शिकत असताना सुट्टीत घरच्या कर्मशाळेत रस्त्यावर चालणारे वाफेचे इंजिन बांधीत होता. त्याचे नाव त्याने ‘ब्ल्यूबेल’ ठेवले. हाच मुलगा पुढे सैन्यात अधिकारी होऊन पंजाबात आला. बैलगाड्यांच्या संथ वाहतुकीला पर्याय म्हणून सरकारी वाफेच्या गाड्यांचा प्रयोग त्याच्या हाती सोपवला गेला. त्यासाठी आर. डब्ल्यू. थॉमसन यांच्या रबरी धावांच्या पद्धतीची इंजिने इप्सविचच्या रॅन्सम कारखान्यात तयार झाली, त्यांना चिनाब, रावी अशी पंजाबच्या नद्यांची नावे मिळाली, आणि १८७१ मध्ये क्रॉम्प्टनने त्यांपैकी एक इंजिन इप्सविचहून एडिंबरोपर्यंत आणि परत असे चालवून दाखवले. रेल्वेचे जाळे पसरत गेले आणि तो प्रयोग मागे पडला. क्रॉम्प्टनचे नाव पुढे विजेच्या क्षेत्रात मोठे झाले. परंतु सुट्टीत घरी काहीतरी बांधणाऱ्या मुलाला ‘अभ्यास सोडून हे काय’ असे विचारण्याआधी पालकांनी ब्ल्यूबेलची आठवण ठेवायला हरकत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर तेलावरचे ट्रॅक्टर आले आणि ट्रॅक्शन इंजिनांचे दिवस भरले. कित्येक इंजिने भंगाराच्या भावाने गेली. १९५० साली इंग्लंडातील ॲपलफर्ड गावी आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने आपल्या जुन्या इंजिनाची एका मित्राच्या इंजिनाशी शर्यत लावली. पैज होती बिअरच्या एका पिंपाची. गंमत म्हणून लावलेल्या त्या शर्यतीची बातमी झाली, पुढच्या वर्षांत प्रेक्षक येऊ लागले, आणि १९५४ मध्ये या इंजिनांच्या जपणुकीसाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली. आज इंग्लंडात उन्हाळाभर गावोगाव वाफेच्या इंजिनांच्या जत्रा भरतात, त्यांचे मूळ बरेचसे त्या शेतात आहे.

आता मुख्य विषय, म्हणजे लहान इंजिने. खरे इंजिन बाळगायचे तर दहा टन लोखंड, ते ठेवायला वखार आणि खिसा भक्कम हवा. सामान्य माणसाला ते झेपत नाही, म्हणून तो प्रमाणात लहान इंजिन बांधतो. या जगात प्रमाण इंचांत सांगतात. ‘तीन इंची’ म्हणजे इंजिनाची उंची तीन इंच नव्हे. मूळ यंत्रातल्या एका फुटाला प्रतिकृतीत तीन इंच, म्हणजे मूळच्या एक चतुर्थांश. नवखा माणूस येथेच पहिला गोंधळ करतो. लांबी एक चतुर्थांश झाली तर वजन एक चतुर्थांश होत नाही, ते चौसष्टावा हिस्सा होते. दहा टनांच्या इंजिनाची तीन इंची प्रतिकृती हिशोबाने दीडशे किलोच्या आसपास, चार इंची पावणेचारशे किलोच्या घरात आणि सहा इंची, म्हणजे निम्म्या आकाराची, सव्वा टनाची. एक इंची मात्र सहा किलोंची, टेबलावर मावणारी. एका बाजूला स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी वस्तू आणि दुसऱ्या बाजूला मोटारगाडीएवढी. दोन्हींना नाव ‘मिनिएचर’. मंडळ शोधणाऱ्याने आपले इंजिन यांपैकी कोणते, हे आधी ठरवावे. कारण मंडळाची जागा, रस्ता, चढउतार आणि इंजिन गाडीतून उतरवायची सोय या सर्वांचे गणित त्यावर बसते.

ही प्रतिकृती खेळणे नसते. तिच्या पोटात खरा कोळसा जळतो, खरी वाफ धरते आणि ती माणसाला ओढून नेते. निसर्ग मात्र प्रमाणात लहान होत नाही. पाण्याचा थेंब तेवढाच राहतो, कोळशाचा खडा तेवढाच जळतो. बॉयलर लहान झाला की आतल्या पाण्याच्या मानाने बाहेरचा पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता भराभर निघून जाते. मुठीएवढ्या भट्टीत दर काही मिनिटांनी चमचाभर कोळसा घालावा लागतो. गप्पांत रमले की विस्तव गेलाच.

इंग्लंडात हा उद्योग जुना आहे. पर्सिव्हल मार्शल यांनी जानेवारी १८९८ मध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक काढले आणि त्याच वर्षी लंडनात या छंदाची संस्था निघाली. ती संस्था आजही चालू आहे. अंकातून क्रमशः आरेखने छापायची, वाचकाने घरच्या लेथवर एकेक भाग कातायचा, आणि काही वर्षांनी इंजिन उभे राहायचे, अशी ती रीत. नॉर्थॅम्प्टनच्या ऑलचिन कारखान्याच्या १९२५ सालच्या ‘रॉयल चेस्टर’ इंजिनावरून डब्ल्यू. जे. ह्यूज यांनी केलेली दीड इंची आरेखने, किंवा एल. सी. मेसन यांची एक इंची ‘मिनी’, ही नावे या मंडळींत आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांसारखी घरोघरी ठाऊक असतात.

आरेखने विकत मिळतात, ओतीव भागही मिळतात, लेथ घरात ठेवता येतो. मग मंडळ कशाला हवे? या प्रश्नाचे उत्तर बॉयलरमध्ये आहे, आणि येथे थोडे थांबले पाहिजे.

शंभर पौंड दाबाखाली पाणी सुमारे १७० अंश सेल्सियसला उकळते. असा बॉयलर एकाएकी फुटला तर आतले सगळे पाणी शंभर अंशांच्या वर असतानाच मोकळ्या हवेत येते, त्यातला काही भाग क्षणात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपटींहून अधिक जागा मागते. म्हणून धोका वाफेपेक्षाही कोंडलेल्या तापल्या पाण्यात असतो. घरगुती प्रेशर कुकरचा दाब साधारण पंधरा पौंड. शिटीभोवती आपण किती सांभाळून वागतो, ते आठवावे. छोट्या इंजिनाचा बॉयलर बहुधा तांब्याचा असतो. तांब्याचा पत्रा लालसर तापवून मऊ करायचा, साच्यावर ठोकून कडा वळवायच्या, ठोकता ठोकता तो कडक झाला की पुन्हा तापवायचा, आणि अखेर सर्व सांधे चांदीमिश्रित डागाने झाळायचे. डाग सांध्यात पूर्ण उतरला की कडेलाच चकाकून थांबला, हे बाहेरून पाहून नवख्याला कळत नाही. आतील भट्टीला आधार देणारे ताणदांडे एकदा बॉयलर बंद झाल्यावर दिसतसुद्धा नाहीत. चूक राहिली असेल तर ती बांधणाऱ्याच्या स्वतःच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर राहते, आणि जत्रेत भोवती लहान मुले उभी असतात.

म्हणून तपासणी. ती कशी होते, हे पाहण्यासारखे आहे. बॉयलर थंड असताना त्यात तोंडापर्यंत पाणी भरतात, हवेचा एकही बुडबुडा राहू देत नाहीत, सर्व तोंडे बंद करतात आणि हातपंपाने दाब वाढवीत नेतात. नव्या बॉयलरला चालू दाबाच्या दुप्पट, पुढील तपासण्यांत दीडपट. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. त्यामुळे या कसोटीत सांधा सुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाबमापकाचा काटा धपकन खाली येतो, इजा होत नाही. हवा राहिली असेल तर मात्र ती स्प्रिंगसारखी दबून बसते, म्हणून बुडबुड्यांची एवढी काळजी. काटा स्थिर राहिला, पत्रा कोठे फुगला नाही, सांध्यावर घाम आला नाही, की मग वाफेची कसोटी: सुरक्षा झडप वेळेवर उघडते का, भरपूर आग असतानाही दाब आटोक्यात ठेवते का, पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी खरे बोलते का, पाणी आत ढकलायचे पंप काम करतात का. तपासनीस हा मंडळाने नेमलेला अनुभवी सभासद असतो. स्वतःच्या बॉयलरला स्वतः दाखला देता येत नाही. दाखला नसेल तर विमा लागू होत नाही, आणि विम्याशिवाय कोणत्याही जत्रेत किंवा मंडळाच्या आवारात इंजिन पेटवू देत नाहीत. दाखल्याचा हा कागद मंडळाचे सभासदत्व घ्यायला भाग पाडतो. लोक कागदासाठी येतात. राहतात ते दुसऱ्या कारणांनी.

आता शोध. नवखा माणूस ‘ट्रॅक्शन इंजिन मंडळ’ असे नाव शोधत बसतो आणि निराश होतो. इंग्लंडात बहुतेक ठिकाणी असे स्वतंत्र मंडळ नसते. असते ते त्या गावाचे किंवा परगण्याचे ‘मॉडेल इंजिनिअरिंग सोसायटी’ या नावाचे मंडळ, आणि त्यात रेल्वे इंजिने बांधणाऱ्यांचे राज्य चालते. एखाद्या उद्यानाच्या कोपऱ्यात त्यांनी छोटे रूळ टाकलेले असतात, रविवारी दुपारी मुलांना फेऱ्या मारतात. ट्रॅक्शनवाले त्याच मंडळात तीन-चार असतात आणि ते रुळांपासून दूर, वाहनतळाच्या बाजूला सापडतात, कारण त्यांना रूळ नको, कठीण जमीन हवी. तेव्हा रविवारी उद्यानात जावे आणि तिकीट देणाऱ्या सभासदाला एकच प्रश्न विचारावा: तुमच्यात रस्त्यावरची इंजिने कोण चालवतो? हा प्रश्न विचारणारा माणूस त्यांना क्वचित भेटतो. उत्तर बहुधा नावापुरते येत नाही; तो सभासद हातातले काम सोडून त्या माणसापर्यंत नेऊन पोचवतो.

दुसरा मार्ग महासंघांचा. इंग्लंडातली ही मंडळे मोठ्या संघटनांशी जोडलेली असतात. बॉयलर तपासणीची नियमावली याच संघटनांनी मिळून ठरवलेली आहे आणि विम्याची व्यवस्थाही बरीचशी त्यांच्यामार्फत होते. त्यांच्याकडे सभासद मंडळांची यादी असते. ती परगण्यानुसार पाहून जवळची दोन-तीन नावे काढावीत. तिसरा मार्ग जत्रांचा. उन्हाळी जत्रेत मोठ्या इंजिनांच्या रांगेपलीकडे लहान इंजिनांचा वेगळा कोपरा दोरी लावून आखलेला असतो. तेथे सकाळी लवकर जावे. दुपारी गर्दी असते, प्रत्येक जण चालवण्यात गुंग असतो. सकाळी मात्र सगळे विस्तव पेटवीत, तेल घालीत, दाब चढण्याची वाट पाहत बसलेले असतात. थंड पाण्याला वाफ धरायला वेळ लागतो आणि त्या वेळात माणसे बोलतात. अनोळखी माणसाशी बोलायला इंग्रज मनुष्य सहसा कचरतो अशी त्याची ख्याती आहे. हातात तेलाची बुधली असलेला इंग्रज त्याला अपवाद असावा.

मंडळ चांगले की नुसते नावाचे, हे कसे ओळखावे? उन्हाळ्यातल्या झगमगाटावरून ओळखू नये. हिवाळ्यात एखाद्या संध्याकाळच्या बैठकीला जावे. बऱ्याच मंडळांत अशी एक संध्याकाळ असते की प्रत्येकाने आपले अर्धवट काम घेऊन यायचे आणि टेबलावर मांडायचे. कोणी नुकतेच कातलेले पिस्टन आणतो, कोणी बिघडलेला भाग आणतो आणि हा का बिघडला असे विचारतो. जेथे बिघडलेली वस्तू टेबलावर ठेवायला लाज वाटत नाही, ते मंडळ धरावे. जेथे फक्त चकचकीत, पूर्ण झालेली, बक्षीस मिळालेली इंजिने दिसतात, तेथे शिकायला फारसे मिळेल असे वाटत नाही. मग तपासनीस कोण हे विचारून घ्यावे आणि बॉयलर बांधायला घेण्यापूर्वीच त्याच्याशी बोलावे. झाळून बंद केलेला बॉयलर समोर ठेवून ‘दाखला द्या’ म्हणणाऱ्यापेक्षा, पत्रे कापल्यापासून टप्प्याटप्प्याला दाखवीत जाणाऱ्याचे काम त्याला सोपे जाते. रेल्वेवाल्यांच्या मंडळात ट्रॅक्शन इंजिनाची तपासणी करणारा मिळतो. पण ते चालवायला शिकवणारा मिळेलच असे नाही. हा फरक किरकोळ नाही.

कारण रस्त्यावरच्या इंजिनाचे धोके वेगळे असतात. रुळांची वाट सपाटीच्या जवळ ठेवलेली असते. शेतजमिनीला उतार असतो. इंजिन उताराला लागले की बॉयलरमधले पाणी पुढे धावते आणि मागे, नेमके विस्तवाच्या डोक्यावरचे भट्टीचे छत उघडे पडू शकते. पाण्याने झाकलेले नसलेले ते छत तापून मऊ होते. वर चढताना काचनळीत भरपूर पाणी दिसते, उतरताना तेच पाणी नाहीसे होते. म्हणून उतारापूर्वी पाणी किती हवे, हे त्या ठिकाणच्या त्या उताराचा अनुभव असलेला माणूसच सांगू शकतो. दुसरे, गिअर. अशा इंजिनात गिअर थांबल्यावरच बदलायचा असतो, आणि उतारावर तो सोडवला तर इंजिन व चाके यांचा संबंध तुटून सगळे वजन मोकळे घरंगळते. हाताचा ब्रेक असला तरी पुरेल याची खात्री नसते. चार इंची, पावणेचारशे किलोंचे इंजिन घरंगळताना कोणी पुढे उभे राहून अडवू नये. तिसरे, सुकाणू. पुढचा आस साखळ्यांनी वळतो, चक्र कितीतरी वेळा फिरवावे लागते आणि परिणाम उशिरा दिसतो. नवखा माणूस वळण आल्यावर फिरवायला लागतो आणि कुंपणात जातो. जुना माणूस मागच्या गाडीवर बसून एवढेच म्हणतो, ‘आत्ता फिरव.’ वळण अजून दहा पावले पुढे असते.

हे ‘आत्ता’ कागदावर लिहिता येत नाही. आरेखनात भागांची मापे असतात, डाग किती अंशांना वितळतो हेही असते. पण सांध्यावरची लाली कोणत्या छटेला पोचल्यावर कांडी टेकवायची, हे शेजारी उभा असलेला माणूसच दाखवतो, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात दाखवतो, कारण उजेडात ती लाली दिसत नाही. ज्यांनी हे वडिलांकडून, कारखान्यातल्या उस्तादाकडून शिकले, त्या पिढीतले बरेच जण आता वृद्ध आहेत. कारखाने बंद झाले, उमेदवारीची पद्धत आटली. मंडळांच्या बैठकीत पांढरी डोकी जास्त दिसतात, ही चिंता त्या वर्तुळात नेहमी बोलली जाते.

एखादा सभासद वारला की त्याच्या घरी खोक्यांत भरलेले ओतीव भाग, निम्मे कातलेले, काही चिठ्ठ्या लावलेले, आणि कोपऱ्यात न झाळलेला बॉयलर राहतो. घरच्यांना त्यातले मोल कळत नाही. भंगारवाला तांब्याचा भाव सांगतो. अशा वेळी मंडळातली माणसे जाऊन प्रत्येक वस्तूची यादी करतात, रास्त किंमत ठरवतात आणि ते अर्धवट इंजिन पुरे करील असा माणूस शोधतात. ते दुसऱ्याच्या हाती पुरे झाले की दोघांचीही नावे सांगितली जातात. मंडळ शोधणाऱ्या तरुणाला पहिले इंजिन बहुधा अशाच वाटेने मिळते. अर्थात, दुसऱ्याने झाळलेला बॉयलर तसाच पुढे वापरू नये. कागदपत्रे नसतील तर तपासनीस तो नव्यासारखा कसून पाहतो, आणि काही वेळा नाकारतो. नाकारणे हे त्याचे मोठे काम आहे. दिवंगत मित्राचे काम नाकारताना त्याला काय वाटत असेल, याची कल्पना करावी.

पालकांसाठी एक गोष्ट. अनेक मुलांची सुरुवात दुकानातल्या खेळण्यापासून होते. ‘मॅमॉड’ कंपनीने १९६० च्या दशकापासून विकलेली स्पिरिटवर चालणारी छोटी ट्रॅक्शन इंजिने इंग्लंडातल्या किती घरांत गेली असतील, कोण जाणे. इंधन संपण्याआधी पाणी संपता कामा नये, हा पहिला धडा मुलाने मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच शिकावा. मंडळे मुलांना घेतात, परंतु पालकाने सोबत थांबावे अशी त्यांची अपेक्षा असते. ती रास्त आहे. मुलाला सोडून बाजारात जाण्यासाठी मंडळ नसते.

आणि जो भारतातच आहे त्याने काय करावे? आपल्याकडे १९२३ च्या बॉयलर कायद्यात साडेबावीस लिटरांहून थोडी अधिक क्षमता ही मर्यादा होती, पुढे ती २५ लिटर झाली. त्याहून लहान भांडे बॉयलर म्हणून धरले जात नसे. कायद्याच्या कक्षेबाहेर असणे आणि सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तपासून देणारा जाणकार शेजारी नसेल तर घरी बॉयलर झाळून पेटवू नये, असे स्पष्ट सांगितलेले बरे. पण इंजिन आणि बॉयलर हे दोन वेगळे भाग आहेत, आणि इंजिन आधी बांधता येते. येथे मंडळ शोधताना त्या नावाची पाटी शोधू नये. पुण्यात जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. त्यातल्या गाड्या विजेवर चालतात, पण लहान प्रमाणाचा विचार करणारी माणसे तेथे भेटतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतले निवृत्त निदेशक, रेल्वे कारखान्यातले जुने फिटर, गावातला खरादी, ही माणसे बहुतेक शहरांत आहेत, आणि त्यांना कोणी विचारायला जात नाही. चौघे जमले, एकाकडे लेथ असला, तर शनिवारची संध्याकाळ ठरवता येते. पितळेचा सिलिंडर, पोलादी भुजादंड, एक जड चक्र, एवढे भाग सहा-आठ महिन्यांत होतात. ते जुळवून, तेल घालून, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे न्यावे आणि त्याच्या कंप्रेसरची हवा अगदी थोड्या दाबाने, दहा-पंधरा पौंडांनी, आत सोडायला सांगावी. पहिल्या खेपेला ते बहुधा चालत नाही. झडपेची वेळ चुकलेली असते. ती कशी लावायची हे चौघांपैकी कोणाला तरी माहीत असते, आणि नसेल तर पंक्चरवालाच पाना घेऊन पुढे येतो.